मेणाचा हात

म्हापसा, गोवा
१८ नोव्हेंबर २००२

जयसिंगदादा,

अक्षर ओळखलं असशील, तर फाडण्याआधी एकदा वाच. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर आपटला असतास. पत्र निदान आपटता येत नाही.

मी कृष्णात. तुझा मावसभाऊ. मंगळवार पेठेतल्या तुझ्या कारखान्यात सहा वर्षं शेजारी बसून चांदी ठोकणारा, आणि त्र्याण्णव साली नवरात्राच्या आदल्या दिवशी तुझा उजवा हात मनगटापासून तोडणारा. या ओळीसाठी दुसरे शब्द शोधून पाहिले. कळंब्याच्या तुरुंगात सात वर्षं वेळच वेळ होता, तिथेही सापडले नाहीत. सुटलो तेव्हा कळलं, की तू बोळात सगळ्यांसमोर शपथ घेतली आहेस, मी पेठेत दिसलो तर जिवंत सोडणार नाहीस. म्हणून आईला न भेटताच इकडे आलो. दोन वर्षं भाजीच्या वखारीत पोती उचलतोय. कोल्हापूरची गाडी रोज येते. कोबीची पोती उतरवताना तिकडची माती हाताला लागते, तेवढंच गाव उरलंय.

गेल्या रविवारी वखारीतल्या लोकांबरोबर जुन्या गोव्याला गेलो. मी कसला चर्च बघणारा, पण घरात बसून काय करणार. बॉम जेझूची बासिलिका म्हणतात तिला. बाहेरून उघडा जांभा दगड, गिलावा नाही, रंग नाही. आत गेलो आणि थबकलो. समोरची वेदी पार वरपर्यंत सोन्याने मढवलेली. उजव्या हाताला सेंट झेवियर या त्यांच्या साधूची समाधी. खाली संगमरवराचा चौथरा, इटलीहून आलेला, इतका गुळगुळीत की लोणी वाटावं. त्यावर काशाचे ओतीव पत्रे. आणि सगळ्यात वर चांदीची पेटी. दादा, ती पेटी इटलीची नाही. इथल्याच कारागिरांनी ठोकली, साडेतीनशे वर्षांपूर्वी. आपल्यासारख्यांनीच.

मान मोडेपर्यंत बघत राहिलो. शेजारी एक गाइड पाहुण्यांना सांगत होता. आत साधूचा देह आहे, पण पुरा नाही. एका बाईने भक्तीच्या भरात पायाचं बोट चावून तोडलं म्हणे. आणि उजवा हात कापून रोमला नेला, पूजेसाठी. पाहुणे बोटाच्या गोष्टीला हसले. मी बाहेर आलो आणि भिंतीला धरून ओकलो.

आता मागणं. आईला दिसेनासं झालंय. भाजीच्या गाडीवरचा हंबीरराव सांगत होता, चुलीत हात भाजून घेते आणि कुणाला सांगत नाही. मला एकदा घरी येऊ दे. चार दिवस राहीन, तुझ्या नजरेला पडणार नाही. तू हो म्हणालास तरच येईन. तेवढा हक्क तुझा आहे, हे मला कबूल आहे.

कृष्णात

●

कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २००२

कृष्णात,

दादा म्हणू नकोस. हे डाव्या हाताने लिहितोय. एक ओळ लिहायला मला एक विडी ओढण्याइतका वेळ लागतो, तेव्हा तुझ्यासारखं पाल्हाळ जमायचं नाही.

हात तोडला एवढं लिहून तू मोकळा झालास. बाकीचं मी लिहितो. देवीचा मुखवटा दुसऱ्या दिवशी देवळात पोचवायचा होता. चांदीचा पत्रा तापवून मऊ केलेल्या राळेवर बसवलेला होता. तुला सांगितलं होतं, नाकाच्या शेंड्याला चांदी पातळ झाली आहे, आता तिथे ठोकायचा खिळा लावू नकोस. लावलास. पत्रा फाटला. समोर पुजारी बसलेला. मी तुझ्या थोबाडीत दिली आणि म्हणालो, "हात हाय का सत्तूर?" तू उठलास आणि शेजारच्या मटणाच्या दुकानात शिरलास. मला वाटलं पाणी प्यायला गेला. मी फाट कशी सांधावी म्हणून वाकून बघत होतो. हात राळेवर टेकलेला होता. पहिला घाव हाडात अडकला, म्हणून तुला दुसरा घालावा लागला. मी ओरडत उठलो. हात उठला नाही. कोमट राळेला चिकटून तिथेच राहिला, बोटं हलत होती. हे तुझ्या गाइडला सांग.

आता माझ्या शर्टाची बटणं बायकोला, ललिताला लावावी लागतात. कारखाना गेला. पोरगा अतुल शिकत होता, तो कॉलेज सोडून इचलकरंजीला मागावर गेला, दोन दोन पाळ्या करतो. तुझी आई एकाच बोळात राहते आणि नऊ वर्षांत मी तिला हाक मारलेली नाही. माझी सख्खी मावशी. हेही तूच तोडलंस.

यायचं असेल तर ये. पेठेत पाऊल ठेवलंस की तुझा उजवा हात मनगटापासून उतरवतो, खोक्यात घालतो आणि तुझ्या आईच्या दारात ठेवतो. तिला दिसत नाही म्हणतोस, चाचपून ओळखेल.

एक विचारायचं आहे. त्या पेटीवर माणसं काढलेली आहेत का? असतील तर चेहरे एकाच पत्र्यातून मागून उठवले आहेत, की वेगळे ठोकून बसवले आहेत?

जयसिंग

●

म्हापसा
३० नोव्हेंबर २००२

जयसिंग,

तुझ्या पत्राचा शेवट वाचला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हसलो. मारीन म्हणतोस आणि लगेच पेटीचं काम विचारतोस. काय माणूस आहेस.

तुझ्यासाठी पुन्हा दोनदा जाऊन आलो. पेटीवर माणसंच माणसं आहेत. बाजूंना चौकटी पाडल्या आहेत, प्रत्येक चौकटीत साधूच्या आयुष्यातला एक प्रसंग. खालून माणूस अंगठ्याएवढा दिसतो. चेहरे वेगळे बसवलेले वाटत नाहीत, पण पेटी फार उंचावर आहे, पैज लावणार नाही. एवढं मात्र खरं, की घाईने मारलेला ठोका कुठे दिसला नाही. आपल्या मुखवट्याला मी घाई केली होती. तू सांगितलं होतंस ते मी ऐकलं होतं. तरी खिळा लावला, कारण मला दाखवायचं होतं की तुला जमत नाही ते मला जमतं.

खालच्या काशाच्या पत्र्यांत एक आहे. कुठल्या तरी बेटावरचे लोक साधूला मारायला धावतात. बाकी लोक वेदी बघतात, सोनं बघतात, मी त्या पत्र्यासमोर उभा राहतो. मारायला निघालेल्या माणसाचं अंग कसं होतं, ते ओतणाऱ्याला नेमकं माहीत होतं. पाठीतून जोर येतो आणि डोक्यात काही राहत नाही. मी त्यात मला बघितलं.

म्हणून आता एक सांगतो, ते कोर्टातही सांगितलं नव्हतं. पहिला घाव अडकला नव्हता. सत्तूर सहज निघाला होता. पहिला रागाने घातला. दुसऱ्या वेळी राग संपला होता, तरी घातला. याला मला आजही कारण सापडत नाही आणि याचीच मला भीती वाटते.

आणखी एक. बासिलिकेचं फेस्त, म्हणजे साधूची जत्रा, तीन तारखेला आहे. बाहेर मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं विकायला बसतात. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे नि पाळणे वाहतात, तसंच. मी एक उजवा हात घेतला, तुझ्या नावाने वाहायला. विकणारी म्हातारी म्हणाली, असा नाही वाहायचा, ज्याचं दुखणं आहे त्याच्या त्या जागेला आधी लावायचा. म्हणून तो हात आज हंबीररावाबरोबर खोक्यात घालून तुझ्याकडे पाठवतोय. देवाची वस्तू म्हणून लाल फडक्यात गुंडाळलाय. थोटकाला लाव आणि सोमवारच्या गाडीने परत पाठव. मंगळवारी मी तो वाहीन.

हे पत्र मात्र हंबीररावाकडे देत नाही. तो चिकटवलेलं पाकीटसुद्धा वाचतो आणि पेठभर करतो. पोस्टात टाकतोय, खोक्याच्या सोबतच पोचेल.

कृष्णात

●

कोल्हापूर
२ डिसेंबर २००२

कृष्णात,

तुझं उत्तर पोचलं.

काल सकाळी हंबीरराव खोकं देऊन गेला. ललिताने दोरी सोडली. लाल फडकं बघून तिला वाटलं, खण असेल. उलगडलं तर हात. उजवा. मनगटापासून. ती भिंतीला टेकून खाली बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

मी लिहिलं होतं, तुझा हात खोक्यात घालून पाठवीन. तू माझाच हात खोक्यात घालून पाठवलास. चिठ्ठीसुद्धा नाही. चिठ्ठीची गरजही नव्हती म्हणा. आंधळ्या आईचं नाव सांगून गळा काढतोस, साधूसमोर ओकतोस, आणि पोटात हे. मी मूर्ख. तुला पेटीचं काम विचारत बसलो.

अतुल सुट्टीला घरी होता. त्याने दारामागचा दांडका उचलला आणि तुझ्या आईच्या घरात शिरला. मडकी फोडली. मांडणी खाली ओढली. तुझा फोटो होता, तो पायाखाली घेतला. मावशी चाचपडत मधे आली, "कोण हाय? कोण हाय त्ये?" करत. दांडका तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला, सुकं लाकूड मोडल्यासारखा. ती पडली. मी दारात उभा होतो. अडवलं नाही. नंतर तुझा तो मेणाचा हात तिच्याच चुलीत घातला. चांगला पेटला.

मावशी सरकारी दवाखान्यात आहे. आता ये. वाट बघतोय.

जयसिंग

●

म्हापसा
७ डिसेंबर २००२

जयसिंग,

हे पत्र हंबीररावाच्या हातात उघडंच देतोय. त्याने वाचावं, बोळाला वाचून दाखवावं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी न सांगता आलो.

मेणाचा हात का पाठवला ते मी लिहिलं होतं. ते तुला मिळालं नसेल तर तुझं नशीब फुटकं आणि माझंही. मिळूनही तू हे केलं असशील, तर तुला माणूस म्हणायचं मी सोडलं. दोन्हींपैकी काय, ते मला आता जाणून घ्यायचं नाही. साठी उलटलेल्या आंधळ्या बाईवर दांडका. तिने तुझं काय तोडलं होतं? सात वर्षं ती दर महिन्याला भेटीला कळंब्यापर्यंत चालत यायची आणि भेटीच्या दहा मिनिटांतली पाच तुझी चौकशी करण्यात घालवायची. जयसिंग जेवतो का, जयसिंगाचा हात दुखतो का. मी चिडायचो.

आज बासिलिकेत गेलो. त्या काशाच्या पत्र्यासमोर उभा राहिलो. या वेळी ओकलो नाही. तुझ्यासाठी बोललेला नवस साधूला तोंडावर सांगून मागे घेतला.

परतताना बाजारातून सत्तूर घेतला. नवा आहे, धार लावून घेतली आहे. येत्या शुक्रवारी, तेरा तारखेला, भाजीच्या रिकाम्या गाडीने गगनबावड्याच्या घाटातून येतोय. सकाळी पेठेत असेन. अतुलला पाळी टाकायला सांग. त्याचे दोन्ही घेईन, मग तुझा उरलेला. मागच्या वेळी तू पाठमोरा वाकलेला होतास, त्याची मला लाज वाटत आली. या वेळी समोर उभा राहा.

पोलिसांना सांगायचं तर सांग. कळंब्याची वाट मला पाठ आहे.

कृष्णात

●

कोल्हापूर
९ डिसेंबर २००२

कृष्णात,

मेणाच्या हाताचं तुझं पत्र पाच तारखेला आलं. खोक्यानंतर चार दिवसांनी. मधे रविवार होता, हे तुझ्याही ध्यानात आलं नाही आणि पोस्टाला तर घाई नसतेच. ते वाचलं तेव्हापासून मी मावशीकडे आहे. तिला त्याच दिवशी दवाखान्यातून घरी आणली.

काल हंबीररावाने तुझं पत्र मला न देता आधी तिच्यापुढे मोठ्याने वाचलं. बोळ दारात गोळा झाला होता. ती सगळं ऐकून घेऊन मला म्हणाली, "कागूद घे. मी सांगती त्ये ल्ही. एक अक्षर फिरवलंस तर हंबीररावाकडनं वाचून घीन." तेव्हा खाली तीच बोलते आहे.

किस्ना, मी तुजी आई. ल्हितोय त्यो जयसिंग. त्येला येळ लागतुय म्हणून मी दम खात बोलती.

पैलं ह्ये ल्ही. मला अतुलनं मारलं न्हाय. अतुल त्या दिशी इचलकरंजीत पाळीवर हुता. मारलं ह्यानं. थांबलास का? ल्ही की.

(लिहितोय. हे खरं आहे. मावशीवर हात टाकला हे मला स्वतःच्या नावावर लिहवलं नाही, म्हणून पोराचं नाव घातलं. — जयसिंग)

ह्याला वाटलं, म्हातारीला दिसत न्हाय, कळायचं न्हाय. पडताना मी आधाराला त्येचा दुसरा हात धराय गेली. तर मनगटाफुडं नुसती बाहीच हाती आली. तवा कळलं कोण हाय. पर मी ह्याचं नाव तोंडातनं काडलं न्हाय. पोलीस आलते. त्येंस्नी म्हटलं, मोरीत पाय घसरला. डाक्टरला बी त्येच सांगितलं. का, तर एकाला कळंब्याला भेटाय जाऊन माझ्या टाचा झिजल्या. आता डोळं गेल्यात, दुसऱ्याला भेटाय कशी जाऊ?

ह्यो गुरवारी आला आन पायाशी बसला. मी म्हटलं, रडाय आलास तर भाईर जा, काम कराय आलास तर चूल पेटव. त्येनं चूल पेटवली. व्हय, त्याच चुलीत तुजा हात जळला. मेणाचा वास अजून येतोय.

आता तू ऐक. सत्तूर घेतलास म्हणं. कुणासाटनं? ह्याचा एकच हात राह्यलाय आन त्यो मला लागतुय. माझा उजवा पलस्तरात, ह्याचा उजवा न्हायच. सकाळी ह्यो पीठ मळतोय, मी डाव्या हातानं थापती, थापताना परात सरकती ती ह्यो धरतोय. भाकरीला आकार न्हाय, निम्मी करपती, पर पोटात जाती. त्यो हात तोडलास तर मी काय खाऊ, तुजा सत्तूर?

तुमी दोगं बी सारकंच. एकाला पत्रा फाटला म्हणून राग, एकाला थोबाडीत बसली म्हणून राग, एकाला खोकं आलं म्हणून. राग तुमचा, आन हात दुसऱ्याचा जातोय.

यायचं तर मोकळ्या हातानं ये. हत्यार घिऊन आलास तर शुक्रवारी उंबऱ्यात मीच बसलेली असंन. पैला घाव मला घालावा लागंल. मला दिसत न्हाय, तवा मी चुकवणार न्हाय. बास. एवढंच.

इथे ती थांबली. पाणी प्यायली. मग आणखी एक वाक्य म्हणाली, "दोगास्नी माफ केलं, आसं ल्ही." ते मी वर लिहिलेलं नाही. हंबीररावाने तपासलं आणि तिला चुगली केली तरी चालेल. तुला तिने काय म्हणायचं ते तुझ्या तोंडावर म्हणावं, कागदावरच्या दोन ओळींत नाही. आणि माझ्या बाबतीत ते शब्द लिहायला हा हात उचलला नाही. मी ते कमावलेले नाहीत.

दुसऱ्या घावाचं तू खरं लिहिलंस. वाचून मला वाईट वाटलं नाही, राग आला, अजून आहे. तो जाईल असं मी तुला कबूल करत नाही. तूही मावशीच्या हाडाचा राग सोडू नकोस, सोडलास असं लिहिलंस तर माझा विश्वास बसायचा नाही.

शपथ मात्र काल मागे घेतली. जशी घेतली होती तशीच, बोळात, सगळ्यांसमोर. हंबीररावाला हे पत्र आजच नेऊन द्यायला सांगितलंय, पोस्टावर आता भरवसा नाही.

गाडी शुक्रवारी सकाळी सातच्या सुमाराला पोचते. मी तुला घ्यायला येणार नाही. त्या वेळी माझा हात पिठात असतो.

जयसिंग